डीलर ओळखीचा असला तरी आरसी आधी बघा : सिडकोहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की, डीलरकडून वापरलेली कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) घेताना कागद आणि गाडी कसून तपासा, असं मी जे लिहिलं, त्याने नाशिकचे सगळे डीलर चोर ठरतात. माणूस ओळखीचा असेल तर एवढी चिरफाड कशाला. आणि टोकनची, म्हणजे आगाऊ रकमेची, पावती मागितली की संबंध बिघडतात.

बहुतेक डीलर नाव राखून धंदा करतात, हे मलाही मान्य आहे. पण माझा मुद्दा त्यांच्या हेतूचा नाहीच. आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात, लिहिलेली गाडी वेगळी आणि दारात उभी असलेली वेगळी असेल, तर अगदी देवमाणूस डीलरही तुम्हाला वाचवू शकत नाही.

नेहमी होतं ते असं. ट्रॅव्हलर किंवा विंगरसारखी मोठी व्हॅन मुळात प्रवासी गाडी, स्कूल बस नाहीतर रुग्णवाहिका म्हणून पासिंग झालेली असते. पुढे कुठल्यातरी गॅरेजमध्ये सीटा निघतात. बेड, सिंक, गॅस, इन्व्हर्टर बसतात. आरसी मात्र जुनीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा परवानगीविना केलेला बदल चालवून घेत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कसारा घाटात काही झालं आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला न कळवलेला सिलिंडर नि फर्निचर दिसलं, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्या वेळी डीलरची ओळख काय कामाची?

म्हणून टोकन द्यायच्या आधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून वाहनाचा वर्ग बघा. तिथे ‘कॅम्पर व्हॅन’ असंच यायला हवं. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा त्यातही वेगळा वर्ग आहे. सिंहस्थाच्या गर्दीत गाडी भाड्याने लावायचा बेत असेल, तर हा फरक आधीच कळलेला बरा. खाजगी पासिंगची गाडी भाड्याने फिरवता येत नाही.

त्याच स्क्रीनवर बँकेची एचपी (कर्जाचा बोजा) दिसत असेल, तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म 29सी वर कळवायचं असतं. हे दोन्ही कागद मागण्यात अपमान कसला? ज्याच्याकडे आहेत तो ते आनंदाने दाखवतो. मालकाच्या सह्या घेतलेले कोरे टीटी फॉर्म (मालकी बदलाचे अर्ज) मात्र याला पर्याय नाहीत.

आता चिरफाडीबद्दल. या गाडीचा खरा शत्रू पाणी आहे. छताच्या झरोक्याभोवतीच्या चारही कोपऱ्यांत, वरच्या कपाटांच्या आतून आणि गादीखालच्या फळीवर अंगठ्याने दाबून बघा. प्लायवूड दबलं, कुबट वास आला किंवा तेवढ्याच भागावर नवं कोरं रेक्झिन दिसलं, तर आत ओल मुरलेली असू शकते. छतावर पाइपने पंधरा मिनिटं पाणी सोडायला सांगा. इगतपुरीचा पाऊस त्याहून कितीतरी जोरात येतो.

टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक भेगा, असं हमखास सापडतं. तिथे नक्षीवर विश्वास ठेवू नका. आणि टाक्या भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात बॅटऱ्या आणि फर्निचर. आरसीतल्या एकूण वजनाच्या मर्यादेपुढे काटा गेला, तर ब्रेक आणि घाट यांचा हिशोब बदलतो.

राहिली पावती. त्यात एकच वाक्य लिहून घ्या : ‘एचपी निघाली नाही किंवा ट्रान्सफर झालं नाही, तर पूर्ण रक्कम परत.’ ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि तिथे तोंडी शब्द सिद्ध करताना दमछाक होते. एवढ्या एका वाक्याने बिघडणारे संबंध असतील, तर त्या भरवशावर लाखोंचा व्यवहार करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तुम्ही कुठली गाडी बघताय ते लिहिलं नाहीत. नाव-नंबर झाकून आरसीतली वाहनाच्या वर्गाची ओळ, सीटची संख्या आणि वजन एवढंच इथे टाका. पेठ रोडच्या आरटीओत जायच्या आधी काय विचारायचं, ते आपण मिळून ठरवू.