‘अमेरिकेत कोणीही काहीही बोलू शकतं’ या फॉरवर्डबद्दल, काकांना

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : अमेरिकेत 1791 पासून फर्स्ट अमेंडमेंट (म्हणजे बोलण्या-छापण्याच्या स्वातंत्र्याला हात लावू नका असं सांगणारी त्यांच्या घटनेतली पहिली दुरुस्ती) आहे, तिकडे कोणीही काहीही बोलू शकतं, फेसबुकनी पोस्ट उडवली तर घटनाभंगाची केस टाकता येते, मोर्चाला परवानगी लागत नाही, आणि आपल्या घटनेत पेपरांच्या स्वातंत्र्याचं नावसुद्धा नाही म्हणून आपल्याकडे तो हक्कच नाही. काका, राग मानू नका, पण 1791 हे साल आणि ते ‘नावसुद्धा नाही’ एवढं सोडलं तर बाकी सगळं गंडलंय.

पहिलं म्हणजे ‘1791 पासून काहीही बोला’. अहो, सातच वर्षांनी, 1798 ला तिकडच्या काँग्रेसनी, म्हणजे संसदेनी, सरकारवर, राष्ट्राध्यक्षांवर खोटीनाटी टीका केली तर जेल असा कायदा केला. गंमत म्हणजे उपराष्ट्राध्यक्षांना त्यात संरक्षण नव्हतं, कारण त्या खुर्चीत विरोधी गटाचे जेफरसन होते, त्यांना खुशाल शिव्या घाला! व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना चार महिने जेल आणि 1000 डॉलर दंड झाला, आणि हा गडी जेलमधूनच परत निवडून आला. बरं ते जुनं झालं म्हणाल तर 1918 घ्या. समाजवादी नेते युजीन डेब्स यांनी ओहायोत युद्धाच्या विरोधात एक भाषण केलं, दहा वर्षांची शिक्षा, आणि सुप्रीम कोर्टानी ती एकमतानी कायम ठेवली. 1920 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी कैदी म्हणून लढवली, नऊ लाखांच्या वर मतं पडली. हे सगळं फर्स्ट अमेंडमेंटचा एक शब्दही न बदलता झालं. आज जी मोकळीक दिसते ती बरीचशी सुप्रीम कोर्टाच्या 1964 आणि 1969 च्या निकालांमधून आलीय, म्हणजे काका, तुमच्याच पिढीतली गोष्ट आहे ही. आणि धमकी, बदनामी, तिथल्या तिथे दंगल पेटवणारी चिथावणी, हे आजही चालत नाही.

फेसबुकचा मुद्दा दोन ओळीत संपतो. ती दुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही. उलट 2024 ला तिकडच्या सुप्रीम कोर्टानी म्हटलं की फीडमध्ये काय ठेवायचं नि काय काढायचं हे ठरवणं हीच त्या कंपनीची अभिव्यक्ती आहे.

मोर्चाला परवानगी? न्यू हॅम्पशायरमध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे लोक परवाना न काढता फलक घेऊन फुटपाथवरून निघाले, दंड झाला, आणि 1941 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की परवाना मागणं योग्यच आहे. याच पंथाची तीन मुलं आपल्याकडे केरळात राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेनी काढून टाकलं. 1986 ला आपल्या सुप्रीम कोर्टानी त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, कलम 19 (बोलण्याचं स्वातंत्र्य) आणि 25 (धर्माचं स्वातंत्र्य) दोन्हीचा आधार घेऊन. (तिकडेही झेंड्याच्या सलामीवरून ते 1943 ला जिंकले होते, उगाच एकतर्फी नको सांगायला.)

आता पेपर. नाव नाही हे खरंय. पण ते विसरून राहिलेलं नाही, आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं होतं की संपादक लिहितो ते नागरिक म्हणूनच लिहितो, त्यासाठी वेगळं कलम कशाला. आणि घटना लागू होऊन चार महिने होतात न होतात तोच मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी सुप्रीम कोर्टानी उडवली, 26 मे 1950. यावर सरकारनी काय केलं? 1951 ला घटनाच बदलली, बोलण्यावर निर्बंध घालायला ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ वगैरे नवीन कारणं घातली. त्यांची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते आणि आपली पहिली दुरुस्ती सोडते. फॉरवर्डवाल्याला टोमणाच मारायचा होता तर हा आयता होता, पण त्याला माहीतच नाही! मात्र त्याच दुरुस्तीत निर्बंध ‘वाजवी’ हवेत हा शब्दही आला, आणि कारणांची यादी घटनेतच ठरलेली राहिली, तिच्याबाहेर सरकारला जाता येत नाही.

ते कसं, तर ‘सकाळ’ घ्या, पुण्याचा, नानासाहेब परुळेकरांचा. 1956 चा एक कायदा आणि 1960 चा आदेश होता, पेपरची किंमत किती त्यावर पानं किती छापायची ते केंद्र सरकार ठरवणार, छोट्या पेपरांना वाव मिळावा म्हणून. म्हणजे सकाळनी एकतर पानं कमी करायची नाहीतर किंमत वाढवायची. सरकार म्हणालं आम्ही लिखाणाला हात लावत नाही, हा फक्त धंद्यावरचा निर्बंध आहे, जनहितासाठी. कोर्ट म्हणालं पानं कमी तर मजकूर कमी, किंमत जास्त तर वाचक कमी, मग लिखाणालाच हात लागला ना, आणि ‘जनहित’ हे कारण बोलण्याच्या हक्कावरच्या त्या यादीत नाहीच. 1961 ला कायदा नि आदेश दोन्ही रद्द.

आणि काका, तुमच्याकडे तर चहाबरोबर सकाळच लागतो.