‘पडणारच आहेत ते दात!’ या मेसेजचं काय करायचं?

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. थोडक्यात मजकूर असा: दुधाचे दात सहा-सात वर्षांचं मूल झालं की सगळे पडतात. त्यांना मूळ नसतं. मग त्यात फिलिंग, रूट कॅनाल, कॅप करणं म्हणजे निव्वळ पैसे उकळणं. किडका दात काढून टाका, नव्याला वाट मोकळी होईल. आणि नवा दात मागून डोकावला तर जुना लगेच उपटा. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

‘सहा-सात वर्षांत सगळे पडतात’

सहाव्या वर्षाच्या आसपास पडायला सुरुवात होते, एवढंच खरं. दुधाचे दात 20. आधी खालचे मधले दोन हलतात, मग वरचे, आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत समोरचे आठ पटाशीचे दात बदलून होतात. त्यानंतर चांगला वर्ष-दीड वर्ष काही घडत नाही. दाढा आणि वरचे सुळे पडतात ते साधारण दहा ते बारा या वयात. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फोटोत दिसणारे दात आहेत. पण चार-पाच वर्षांच्या मुलांत कीड बरेचदा दाढांमध्येच लागते, तीही दोन दाढांच्या मधल्या फटीत, जिथे ब्रश पोचत नाही. चौथ्या वर्षी दुधाची दुसरी दाढ किडली, तर तिला अजून सहा-सात वर्षं काम करायचं असतं. एवढी वर्षं मुलानं चावायचं कशानं?

‘सगळे’ या शब्दात आणखी एक घोळ आहे, आणि माझ्या मते संपूर्ण मेसेजमधला तो सर्वात महागात पडणारा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, गुपचूप चार नव्या दाढा उगवतात. पडलं काहीच नाही, म्हणून घरात त्या दुधाच्याच समजल्या जातात. त्या कायमच्या असतात. दुधाच्या आठ दाढांची जागा घेतात त्या आठ उपदाढा; अक्कलदाढा धरून कायमच्या 12 दाढा कुणाच्याच जागी येत नाहीत, त्या मागे नव्यानं येतात. ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष केलेली सहा वर्षांची दाढ गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

‘दुधाच्या दातांना मूळ नसतं’

पडलेला दात तळहातावर उलटा करून पाहिला तर हे खरंच वाटेल. खाली मुळाऐवजी वाटीसारखा खरबरीत खळगा असतो, कडा वेड्यावाकड्या. पण हे मूळ आधी होतं. दुधाच्या दाढांची मुळं तर लांब आणि फाकलेली असतात. कायमचा दात वर सरकू लागला की दाताचा कठीण भाग विरघळवणाऱ्या खास पेशी तिथे कामाला लागतात आणि मूळ टोकाकडून झिजत जातं. हे सलग होत नाही, मध्ये थोडी भरपाईही होते. म्हणून काल हलणारा दात आज घट्ट वाटतो आणि काही दिवसांनी पुन्हा हलतो. आधार संपला की दात पडतो.

नसही असते. उलट दुधाच्या दाताचं एनॅमल पातळ आणि आतला नसांचा गर दाताच्या मानानं मोठा, त्यामुळे कीड आत लवकर पोचते. ‘पडणाऱ्या दाताचं रूट कॅनाल’ ऐकून हसू येतं खरं. पण त्यात मुद्दाम असं औषध भरतात जे मुळाबरोबर विरघळून जाईल. म्हणजे दात वेळेवर पडावा याची सोय उपचारातच केलेली असते.

‘किडला तर बिघडतं काय?’

दुधाच्या दाढेचा एक्स-रे पाहिलात तर तिच्या फाकलेल्या मुळांच्या मधोमध उपदाढेचा अंकुर बसलेला दिसतो. दाढेतला पू बरेचदा नेमका त्याच जागी साठतो. हिरडीवर पुळी येते, फुटते, दुखणं थांबतं आणि घरच्यांना वाटतं की बरं झालं. संसर्ग मात्र आतच असतो. दरवेळी खालच्या दाताला इजा होते असं नाही. पण झालीच तर तो नवाकोरा दात पिवळ्या-तपकिरी डागासह किंवा खडबडीत एनॅमल घेऊन वर येतो.

‘काढला की वाट मोकळी’

होतं नेमकं उलट. दुधाची दुसरी दाढ मागच्या कायमच्या दाढेला जागेवर रोखून धरते. ती लवकर काढली की मागची दाढ पुढे कलते, सरकते आणि उपदाढेची जागा खाते. उपदाढ मग आतच अडकते नाहीतर वाकडी येते. दाढ फारच आधी काढली असेल तर वर हाड आणि जाड हिरडी तयार होऊन नव्या दाताला उशीरही होतो.

काही दाढा काढाव्याच लागतात, हे मान्य. तेव्हा जागा राखायला स्पेस मेंटेनर नावाची तारेची छोटी कडी बसवतात. दाढ काढून ‘झालं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

‘पैसे उकळायचे धंदे’

प्रत्येक काळ्या ठिपक्याला ड्रिल लागत नाही, हे खरं आहे. दोन-चार महिन्यांत पडणाऱ्या दाताला कॅप सुचवली जात असेल तर शंका घ्यायलाच हवी. काही वेळा सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड हे औषध नुसतं लावूनही कीड थोपवता येते. डाग काळा राहतो, पण सुई नाही आणि ड्रिलही नाही. विचारायचं ते हे: हा दात अजून किती वर्षं राहणार आहे? आणि खाली नवा दात आहे ना? कारण काहींच्या जबड्यात तो तयारच होत नाही. अक्कलदाढा सोडल्या तर असं बहुधा खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या किंवा वरच्या मधल्या दोन दातांशेजारच्या पटाशीच्या दाताच्या बाबतीत घडतं. अशा वेळी दुधाची दाढ नीट जपली तर मोठेपणीही अनेक वर्षं साथ देऊ शकते.

‘मागून दात आला, उपटा’

खालचे कायमचे पटाशीचे दात मुळात दुधाच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला तयार होतात. त्यामुळे काही काळ दोन रांगा दिसणं अगदी नेहमीचं. पुढचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेनं हलवू द्या. तो पडला की जिभेच्या रेट्यानं मागचा दात बहुतेकदा आपणच पुढे येतो. नवा बराच वर आला आणि जुना महिना-दोन महिने जराही हलत नाही, तेव्हा मात्र दाखवा. मूळ अजून शाबूत असलेला दात घरी दोरा बांधून ओढण्याचा नसतो.