रविवारचा हात आणि सोमवारची बैठक

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणतात, "प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो." आपण डावीउजवीकडच्यांना नमस्कार करतो, हात मिळवतो. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो चार बाकं सोडून पलीकडं बसलेला असतो, तिकडं मान वळत नाही. मग दानाची पिशवी फिरते, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस) होतं, आणि भांडण होतं तिथंच राहतं.

खरं तर शांती आधी आणि दान नंतर, हा क्रम बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातून, मत्तय ५:२३-२४ वरून आलाय. तिथला बारकावा बघा. 'तुला राग आला असेल तर' असं प्रभू येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान तिथंच वेदीपुढं ठेव आणि जा, असं म्हणतो. म्हणजे ज्यानं दुखावलं, त्यानं उठायचं. आपण मात्र समोरचाच येईल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतो. आणि हे ऐकणारे लोक गालीलातले, वेदी यरुशलेमेत. अंतर साधारण १२० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून सातारा, तेही पायी. एवढं मागं जा, समेट कर, मग परत येऊन दान दे. आपल्याला चार बाकं लांब वाटतात.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हे वाक्य कामकाजात बसवलं होतं. तिसऱ्या शतकात सिरियात 'डिडास्कालिया' नावाची मंडळीच्या शिस्तीची पुस्तिका लिहिली गेली. तीत बिशपांना सांगितलंय की तंट्यांची सुनावणी सोमवारी घ्या. कारण अगदी व्यवहारी आहे: निकाल कुणाला पटला नाही तर पुढचा रविवार येईपर्यंत हातात दिवस उरतात. शिवाय उपासनेत डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, मोठ्यानं विचारायचा, "कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का?" आपल्याकडं असं विचारलं तर निम्मी मंडळी चपला शोधेल.

आता 'शांती' या शब्दाकडं या. हिब्रूतला शालोम ज्या धातूपासून येतो, त्याच धातूपासून 'भरपाई करणं' हे क्रियापदही येतं. तोडलेलं पुरं करून देणं, ही शांती. म्हणून जुन्या करारातल्या लेवीय ६ मध्ये हिशोबच दिलाय: मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, आणि ज्या दिवशी दोषार्पण (अपराधाबद्दलचं अर्पण) आणायचं त्याच दिवशी ते मालकाच्या हातात. भावाचे ५०,००० दाबले असतील तर ६०,००० द्यायचे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. आपल्याकडं मात्र डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना होते, गळाभेट होते, पैशाचं नाव निघत नाही. सहा महिन्यांनी भांडण पुन्हा उकरलं जातं, आणि लोक म्हणतात, ह्यानं मनापासून क्षमा केलीच नव्हती. अहो, क्षमा केली होती. देणं राहिलं होतं.

क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघं लागतात. हा फरक धरला की मत्तय १८:१५-१७ मधल्या पायऱ्या कळतात. आधी एकट्यानं, एकांतात. मग एक-दोन साक्षीदार घेऊन. मग मंडळीपुढं. बहुतेक वेळा पहिल्या पायरीलाच घोटाळा होतो, कारण तिच्याआधी व्हॉट्सअॅप ग्रुप येतो. तिथं एकदा लिहिलं की समोरच्याला चूक कबूल करणं म्हणजे सगळ्या भावकीपुढं नाक घासणं वाटतं. भेटायला जाताना एकच विषय न्यावा. आपली चूक एका वाक्यात सांगावी आणि त्यात 'पण' नको. 'चुकलं माझं, पण तूसुद्धा' म्हटलं की ती माफी राहत नाही. साक्षीदार कुणाचा मेहुणा नसावा. त्याचं काम ऐकणं आणि ठरलेलं लक्षात ठेवणं एवढंच, दाब टाकणं नाही.

जमिनीचं भांडण प्रार्थनेवर मिटवू नका. तोंडी ठरलेल्या हक्कसोडीनं सातबारा बदलत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, मग फेरफार. हे राहिलं तर पुढच्या पिढीत पोरं पुन्हा समोरासमोर उभी राहतात.

दावा आधीच चालू असेल तर? १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच बसायला लागलं, मुंबईची वारी वाचली. चांगलंच झालं, पण भांडणं लांबवायचीही सोय झाली. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ६) विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? तडजोड झालीच तर ती लोकअदालतीत नोंदवा. तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेलं कोर्ट फी परत मिळतं.

पौलाच्या याच अध्यायातलं 'अन्याय का सोसत नाही?' हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला ऐकवणारे लोक आहेत. माझ्या मते हा वचनाचा सरळ गैरवापर आहे. पौल तिथं रोजच्या व्यवहारातल्या दाव्यांबद्दल बोलतोय, हाडं मोडण्याबद्दल नाही. तिला 'एकांतात जाऊन बोल' म्हणणं म्हणजे तिला पुन्हा त्याच खोलीत ढकलणं. तिथं पहिली पायरी पोलीस आणि सुरक्षित घर. समेटाचं नंतर, आणि तोही तिनं म्हटलं तर.

जिथं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तिथं एवढं सहज जमेल: आदल्या रविवारी घोषणा, सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ पाळकसाहेब आणि मंडळीचे दोन वडील (एल्डर) ऑफिसात, त्यांत एक बाई हवीच. ठरलं ते अर्ध्या कागदावर, रक्कम आणि तारखेसकट, दोघांच्या सह्यांनी. आणि तंटा पाळकसाहेबांशीच असेल तर दुसऱ्या मंडळीतले पाळक बोलवा, त्या दिवशी आपल्या साहेबांची खुर्ची टेबलाच्या अलीकडं.