हिमकण कापायचा तर सहा टोकांचाच!

डिसेंबर लागला की मुंबईत शाळांचे वर्ग, सोसायट्यांच्या लॉबी, दुकानांच्या काचा, सगळीकडे कागदी स्नोफ्लेक्स लटकू लागतात. त्यातले बरेचसे आठ टोकांचे असतात. मला ते मनापासून खटकतं.

आठ टोकांचा हिमकण निसर्गात नाहीच. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. ढगातल्या वाफेतून स्फटिक मोकळा वाढतो, तेव्हा सहाही कोपऱ्यांना फांद्या फुटतात. आपल्या फ्रीजमधल्या बर्फातही आत हीच रचना असते, पण ट्रेच्या साच्यात ती दिसत नाही. 'सहाच का?' हा प्रश्न योहानेस केप्लरने 1611 साली एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. ग्रहांच्या कक्षा उलगडणाऱ्या माणसाला अंगरख्यावर पडलेल्या बर्फाने विचारात पाडलं! पुरतं उत्तर मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. असा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात देता येतो, आणि आपण आठ टोकं कापून तो घालवतो.

आठ टोकं येतात ती सवयीमुळे. कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा करत गेलं की दुसरं काही येणारच नाही. सहासाठी एकच घडी वेगळी लागते. चौरस कागद कर्णावर दुमडा, त्रिकोण होईल. त्याच्या लांब बाजूचा मध्य हेच आपलं केंद्र. आता डावी आणि उजवी बाजू त्या केंद्रातून एकमेकींवर अशा आणा की तीन सारखे भाग होतील, म्हणजे प्रत्येकी 60 अंश. कोनमापक नको. दोन्ही कडा तंतोतंत जुळेपर्यंत मुलाला सरकवत बसू द्या, घाई करू नका. कोन हाताला कळतो तो इथेच. मग मधोमध आणखी एक घडी. बारा पदर झाले. वरची वेडीवाकडी टोकं छाटा आणि कापायला लागा. घडीची कड मात्र सलग कापायची नाही, नाहीतर तुकडे हातात येतात.

कागद पातळ हवा. पतंगाचा किंवा घोटीव कागद उत्तम. कार्डशीटचे बारा पदर लहान मुलांच्या कात्रीला झेपत नाहीत, आणि मग 'याला जमत नाही' असं म्हणून आई-बाबाच कापून देतात. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर स्वस्तात ढीगभर कागद मिळतो, बिघडू द्या की!

'मुंबईत बर्फ कुठे पडतो? ही पाश्चात्त्य खुळं कशाला?' असं काही जण विचारतात. अहो, घडी घालून कागद कापणं आपल्याला परकं आहे का? मखराच्या झालरी, पताका, कंदिलाच्या झिरमिळ्या घरोघरी हातानेच व्हायच्या. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर कागदाचं महत्त्व उलट वाढलं. आणि जे खिडकीतून दिसत नाही ते कात्रीने समजून घ्यायची गरज बर्फाच्या गावापेक्षा आपल्यालाच जास्त आहे.

माझी खरी तक्रार तयार पाकिटांबद्दल आहे. एका शाळेने यंदा पालकांना 'विकतचे स्नोफ्लेक्स पाठवा' असा निरोप दिला. मुलांनी काय केलं? टेपने चिकटवले. शिक्षकांनो, एक तास द्या. कागद, कात्री आणि 'सहाच का?' हा प्रश्न, एवढं पुरे. पालकांनो, या रविवारी घरी करा आणि फोटो खाली टाका. सहा टोकांचेच!