ती शिट्टी टर्बोची नव्हती

माझ्या टर्बो हॅचबॅकला (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) ओपन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर, आणि नवा एक्झॉस्ट लावल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा स्कॅनर शोधायला उठलो. तुमचे मुद्दे थोडक्यात असे: टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो, त्यामुळे फिल्टर नि पाइप बदलून ताकद वाढत नाही. मोठ्या एक्झॉस्टने बॅक प्रेशर (एक्झॉस्टचा इंजिनवर येणारा उलटा दाब) जातं आणि खालचा पिकअप मरतो. आणि 'गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली' हे मोजमाप नव्हे, उंटावरून शेळ्या हाकणं आहे.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय.

ओपन फिल्टर लावल्यावर टर्बोची शिट्टी कशी छान ऐकू येते, यावर मी अख्खा परिच्छेद खर्च केला होता. स्कॅनर लावला तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात सतत करत असलेली दुरुस्ती) अधिक ९ टक्के. म्हणजे आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर जेवढी हवा सांगतोय त्याहून जास्त हवा आत येतेय, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू गुपचूप पेट्रोल वाढवून ते सावरतोय. बॉनेट उघडून टॉर्च मारला. एमएएफ आणि टर्बो यांच्यामधल्या सिलिकॉन होजचा क्लॅम्प खालच्या बाजूने तिरका बसलेला, नख आत जाईल एवढी फट. होज काढला तर आत त्या फटीपासून टर्बोकडे जाणारी धुळीची तपकिरी रेघ. फिल्टरला बगल देऊन ही धूळ थेट कॉम्प्रेसरच्या (टर्बोतलं हवा दाबणारं चाक) पात्यांवर जात होती, आणि मी वर कौतुक लिहीत होतो! क्लॅम्प मीच आवळला होता, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकंही नाही. होज नीट बसवला, शिट्टी गेली, आठवड्याभरात ट्रिम ३ टक्क्यांवर आली. टर्बोचा खरा आवाज त्यामानाने बराच सौम्य निघाला. लेखातला तो परिच्छेद काढून टाकलाय.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो बराचसा बरोबर आहे, पण पूर्ण नाही. ईसीयू ठरलेला बूस्ट गाठतो हे खरं. तो गाठायला टर्बोला किती राबावं लागतं, हा वेगळा प्रश्न. समजा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) वातावरणाचा दाब धरून २०० किलोपास्कल दाब लागतो. टर्बोच्या तोंडाशी १०० मिळाले तर कॉम्प्रेसरला दाब दुप्पट करायचाय. फिल्टर तुंबून ९५च मिळाले तर तेच काम २.१ पटीचं होतं. आत शिरणारी हवा ३० अंशांची आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पहिल्या बाबतीत हवा साधारण १२५ अंशांवर बाहेर पडते, दुसऱ्यात १३३ वर. बूस्टचा आकडा तोच, हवा मात्र जास्त तापलेली. हवा तापली की नॉक (इंधन सिलिंडरमध्ये आपोआप भडकणं) जवळ येतो, ईसीयू इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि ताकद तिथे जाते.

पण याच हिशोबात माझा ओपन फिल्टरही उताणा पडतो, हे तुमच्या नजरेतून सुटलं. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ती ५० अंशांची धरा. वाटेत काडीचा अडथळा नसला तरी कॉम्प्रेसरमधून ती १५१ अंशांवर बाहेर पडेल. इंटरकूलर (टर्बोतून निघालेली हवा थंड करणारा रेडिएटर) पुढे त्यातलं बरंचसं खाली आणतो, सगळं नाही. कंपनीचा एअरबॉक्स दिसायला गबाळा, पण बहुतेक गाड्यांत त्याची सोंड समोरच्या ग्रिलमागे असते आणि तो बाहेरची थंड हवा घेतो. म्हणून बॉक्स परत चढवलाय, आत नवा साधा पॅनल फिल्टर. तेल लावायचा फिल्टर मुद्दाम टाळला, तेल जास्त झालं तर एमएएफच्या तारेवर बसतं.

बॅक प्रेशरचं मात्र मला मुळीच पटत नाही. ती समजूत बिनटर्बोच्या इंजिनांतून आलीय, आणि तिथेही ती अर्धवटच. तिथे हवा असतो तो एक्झॉस्ट गॅसचा वेग, जेणेकरून एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याला रिकामं व्हायला मदत करतो. पाइप वाजवीपेक्षा रुंद केला की वेग पडतो, आणि लोक म्हणतात 'बॅक प्रेशर गेलं'. टर्बोत तो झोत टर्बाइनवरच (एक्झॉस्टने फिरणारं टर्बोचं चाक) मोडतो. टर्बाइनचं काम चालतं तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गुणोत्तरावर. आधी २५० आणि नंतर १३० किलोपास्कल असतील तर गुणोत्तर सुमारे १.९२. नंतरचा दाब ११५ वर आणला, तर तेवढ्याच गुणोत्तराला आधी २२१ पुरतात. नंतरचे १५ काढले, इंजिनच्या छातीवरचे २९ उतरले. खालचा पिकअप मरत नाही, उलट टर्बो लवकर जागा होतो.

फक्त हा फायदा मुख्यतः डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोनंतरच्या पहिल्या पाइपमध्ये, असतो, कारण टर्बाइनला लागून तोच असतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा 'कॅट') बहुधा त्यातच बसवलेला. मी बदलला तो त्याच्या मागचा भाग, रेझोनेटर (आवाजाची घरघर दाबणारा डबा) आणि सायलेन्सर. तिथे मिळालं ते बव्हंशी कानाला. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला आवाजच हवा होता, ते मूळ लेखात लिहायला लाजलो.

मग डाउनपाइप का नाही, असं विचाराल. कॅट काढून टाकणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मागच्या गाडीवाल्याच्या नाकात ते सगळं सोडायची माझी इच्छा नाही. २०० सेलचा (दर चौरस इंचाला जाळीची २०० छिद्रं) हाय-फ्लो कॅट हा मधला मार्ग, पण मूळ कॅट सहसा ४०० ते ६०० सेलचा असतो. कमी सेलचा कॅट लावला की कॅटमागचा लॅम्डा सेन्सर कुरकुरू शकतो आणि पी०४२० कोडसह (कॅट कमी पडतोय असं सांगणारा) चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. शिवाय मोकळ्या डाउनपाइपवर जुन्याच मॅपने (ईसीयूतल्या मूळ सेटिंगने) बूस्ट ठरल्यापेक्षा वर उसळू शकतो. रीमॅप (ती सेटिंग नव्याने लिहिणं) न करता तो लावणं मला जमणार नाही.

रीमॅपच्या आधी इंटरकूलर बदलायचा, हा क्रम आता पक्का केलाय. तेव्हा वाटण्यावर जाणार नाही. डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत, इंटरकूलर बदलण्याआधी तीन रन, नंतर तीन. इनटेक तापमान, बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी (बूस्ट आवरणाऱ्या झडपेला ईसीयू देत असलेला हुकूम) आणि टायमिंग एवढं लॉग करतोय. आणखी काही घ्यावं असं वाटत असेल तर काम सुरू व्हायच्या आत कळवा, नंतर 'आधीचे' आकडे मिळायचे नाहीत.