कॅमेऱ्याविना छायाचित्र: थोडी भर

कॅमेरा न वापरता, प्रकाशसंवेदी कागदावर थेट प्रकाश पाडून काढलेल्या छायाचित्रांवरचा लेख आवडला, मात्र अशा छायाचित्रांची सुरुवात त्यात अमेरिकी कलावंत मॅन रे यांच्या पॅरिसमधील १९२२ च्या प्रयोगांपासून धरली आहे, ती मला पटली नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासूनच समुद्रशेवाळ थेट सायनोटाइप कागदावर (लोहक्षारांचा लेप दिलेल्या, उन्हाने निळा होणाऱ्या कागदावर) ठेवून निळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या आकृत्या उमटवल्या होत्या, आणि जर्मन चित्रकार ख्रिश्चन शाड यांचे अमूर्त फोटोग्राम (वस्तू कागदावर ठेवून प्रकाशाने उमटवलेली चित्रे) १९१९ मधले आहेत.

रंगाच्या बाबतीत गॅरी फेबियन मिलर यांचा उल्लेख हवा होता. इंग्लंडमधील डार्टमूर येथे राहणाऱ्या या कलावंताने १९८० च्या दशकापासून कॅमेरा बाजूला ठेवला आणि रंगीत काचा व द्रवाने भरलेली काचपात्रे यांतून जाणारा प्रकाश अंधाऱ्या खोलीत सिबाक्रोम या रंगीत छायाचित्रांच्या कागदावर, कधी कधी कित्येक तास, पडू दिला. हा कागद थेट पॉझिटिव्ह, म्हणजे रंग न उलटवणारा, असल्यामुळे निळा प्रकाश निळाच उमटतो. नेहमीच्या रंगीत कागदावर मात्र तो पिवळा होतो. सिबाक्रोम कागदाचे उत्पादन थांबले, ही मला या कलेची मोठी हानी वाटते.

मी स्वतः गच्चीवर पिंपळपानाचे सायनोटाइप करते. पान जिथे कागदाला चिकटलेले असते तिथे कडा रेखीव येते आणि जिथे ते किंचित उचललेले असते तिथे निळा रंग धुक्यासारखा आत शिरतो. कागद पाण्यात धुताना पिवळट द्रावण वाहून जाऊन ती आकृती उजळत जाते, तेव्हा मी दर वेळी श्वास रोखून पाहत राहते.