आपला माणूस नेमायचा हक्क

महाराष्ट्रात म्हातारपणाची चर्चा निघाली की ती मुलांवर येऊन थांबते. मुलं बघतात का, परदेशी जाऊन बसली का, आईबापांना वृद्धाश्रमात ठेवलं का. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायचं ठरवलं, तेव्हा आमच्या भावंडांच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही मुलांना, नातवंडांना आणि मूल नसेल तर मालमत्ता ज्याच्याकडे जायची त्या वारसालाच जबाबदार धरतो. रक्ताचं कोणी नाही, किंवा आहे पण जवळचं नाही, अशा माणसाने म्हातारपणी कोणाच्या भरवशावर राहायचं, हे कोणी विचारत नाही.

मी लंडनच्या हॅरो भागात राहते. लग्न केलं नाही, सत्तरी जवळ आली आहे. माझी माणसं म्हणजे माझ्यासोबत रुग्णालयात नोकरी केलेली जमैकाची एक निवृत्त नर्स. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा युगांडाहून शाळकरी वयात इथे आलेली आमची गुजराती भाभी. आणि महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या निमित्ताने जोडलेली तीन-चार घरं. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये सुरू झालेल्या या मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांना एकमेकांच्या दारापर्यंत नेलं आहे.

भाभी घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती घरी आली तेव्हा दाराशेजारच्या भिंतीवर आम्ही की-सेफ बसवून घेतला होता. आत किल्ली, वर आकडे फिरवायचं कुलूप. आकडा आम्हा सगळ्यांना पाठ. गोळ्यांचा आठवड्याचा डबा नर्सबाई रविवारी भरायच्या, मी सकाळी अंघोळीला मदत करायला जायचे, संध्याकाळची खिचडी-कढी कोणाकडून येणार ते आधीच ठरलेलं असायचं. तिचा सख्खा भाऊ लेस्टरला असतो. तो फोन करायचा, चौकशी करायचा. त्याचा मला राग नाही, त्याचीही तब्येत बरी नसते.

मंडळातल्या एका दादांना स्मृतिभ्रंश झाला. आधी इंग्रजी गेलं. आयुष्यभर ज्या भाषेत नोकरी केली ती गेली, उरली फक्त कोल्हापूरची मराठी. त्यांची काळजी घ्यायला येणारी घानाची मुलगी फार मायेची, पण ते पाणी मागायचे आणि ती घाबरून त्यांना उठवून बसवायची. मग आम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवला. पाणी, दुखतंय, गार लागतंय, नको. उच्चार इंग्रजी अक्षरांत, समोर अर्थ. आठवड्याभरात ती त्यांना 'दादा, पाणी?' असं विचारायला लागली. दुपारी आमच्यापैकी एकजण जाऊन त्यांच्याशी नुसतं बोलत बसायचा.

पुढे न्युमोनिया झाला आणि रुग्णालयात निर्णय घ्यायची वेळ आली. तेव्हा 'तुम्ही त्यांचे कोण लागता' असं आम्हाला कोणी विचारलं नाही. मुखत्यारपत्र आहे का, एवढंच विचारलं. ते होतं. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्यानुसार शुद्धीत असताना माणूस असं पत्र करून ठेवू शकतो. पैशांसाठी एक, उपचारांसाठी दुसरं. मुखत्यार म्हणून कोणत्याही विश्वासू प्रौढ व्यक्तीला नेमता येतं. पत्र करणाऱ्याला सगळं समजलं आहे आणि त्याच्यावर दबाव नाही, असा दाखला तिऱ्हाइताने द्यायचा असतो. तिथे तर घरचं माणूस चालतच नाही. अवयवदानासाठी कोणाची संमती घ्यायची याची जी उतरंड २००४ च्या कायद्यात आहे, तिच्या शेवटच्या पायरीवर 'जुना मित्र' आहे. शेवटचा का होईना, पण आहे.

पुण्यात माझ्या दोन मैत्रिणी आहेत, दोघी निवृत्त शिक्षिका, कित्येक वर्षं एकत्र राहतात. एकीला रात्री झटका आला. दुसरीने तिला रिक्षात घालून नेलं, पैसे भरले, तिची सगळी औषधं तोंडपाठ सांगितली. संमतीपत्रावर मात्र तिची सही चालेना. नातेवाईक आणा. संभाजीनगरच्या भाच्याला झोपेतून उठवून, त्याची सही मोबाइलवर मागवून मग पुढचं झालं. त्या भाच्याने मावशीला शेवटचं कधी पाहिलं होतं, हे त्यालाही आठवत नव्हतं.

इथे सगळं चांगलंच आहे, असं मी म्हणत नाही. काळजीकेंद्राच्या खर्चात सरकारने वाटा उचलायचा तर तुमची पुंजी २३,२५० पौंडांच्या खाली यावी लागते. मी माझं घर मृत्युपत्राने भाभीच्या नावे केलं तर सव्वातीन लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर तिला ४० टक्के कर बसेल. नवरा-बायकोला तो माफ आहे. याबाबतीत भारत उजवा, तिथे मैत्रिणीला मृत्युपत्राने दिलेल्या घरावर वारसा कर नाही. आणि आमची सगळ्यात मोठी अडचण पैशांची नाहीच. आम्ही सगळे एकाच वयाचे आहोत. ज्याच्या खांद्यावर हात ठेवायचा त्याचेच गुडघे दुखतात. म्हणून माझ्या पत्रात पर्यायी मुखत्यार म्हणून नर्सबाईंच्या भाचीचं नाव आहे. तिच्याशी ओळख वाढवणं, तिच्या मुलांच्या वाढदिवसाला जाणं, हे मी मनापासून करते. माणसं अशीच जोडावी लागतात.

भारतात हे अशक्य आहे, असं मला सांगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १४ वं कलम वाचा. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो. तिथे नात्याची अट नाही. म्हणजे मानसिक आजारात मैत्रीण चालते आणि हृदयविकारात चालत नाही! शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं जीवन-इच्छापत्र; त्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, पण तिथेही शब्द 'पालक किंवा जवळचा नातेवाईक' असेच राहिले. मद्रास उच्च न्यायालयाने तर मे २०२५ मध्ये 'निवडलेलं कुटुंब', म्हणजे रक्ताने किंवा लग्नाने नव्हे तर आपण होऊन जोडलेलं कुटुंब, ही कल्पना निकालपत्रातच मान्य केली.

यावर घरून हमखास आक्षेप येतो: उद्या कोणीही गोड बोलून म्हातारीकडून कागद करून घेईल. ही भीती खोटी नाही. इथेही मुखत्यारांनी पैसे खाल्ल्याची प्रकरणं होतात, त्यांची चौकशी होते, न्यायालय त्यांना काढून टाकतं. पण घर नावावर करून घेऊन आईला वाऱ्यावर सोडणाऱ्या पोटच्या मुलांसाठीच २००७ च्या कायद्यात बक्षीसपत्र रद्द करायचं २३ वं कलम घालावं लागलं ना? पारख, नोंदणी आणि तपासणी दोघांनाही सारखीच लावावी.

२०१९ मध्ये त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. त्यात सून-जावयांनाही जबाबदार धरायचं होतं. म्हणजे पुन्हा नात्यांचीच यादी लांबवायची होती. पुढचं विधेयक येईल तेव्हा त्यात मानसिक आरोग्य कायद्यातलं ते कलम जसंच्या तसं घ्या आणि उपचार, रुग्णालय, अंत्यविधी या सगळ्याला लागू करा. माझ्या पुण्याच्या मैत्रिणी त्या कागदावर सही करायला आजही तयार आहेत.